मधकेंद्र योजना: सामाईक सातबाऱ्यापायी अर्ज सोडू नका

मधकेंद्र योजनेतून मधपेट्यांसाठी अर्ज करायला निघालेला माणूस आधी सातबारा काढतो. त्यावर आजोबांपासून मुंबईच्या चुलत्यांपर्यंत सगळी नावं. संमतीच्या सह्या गोळा करायच्या तर चुलते येणार गणपतीला, आणि तोवर मुदत गेलेली असते.

या सह्यांची बहुतेकांना गरजच नसते. खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या या योजनेत ‘वैयक्तिक मधपाळ’ म्हणून अर्ज करणारा साक्षर आणि १८ वर्षांवरचा असावा, एवढंच. स्वतःची शेती असेल तर प्राधान्य मिळतं; ती अट नाही. किमान एक एकराची अट आहे ती ‘केंद्रचालक प्रगतशील मधपाळा’ला. तो दहावी पास आणि २१ वर्षांवरचा लागतो, पण जमीन कुटुंबातल्या कुणाच्याही नावे किंवा भाड्याने घेतलेली चालते. हा फरक अर्ज देतानाच समजावून सांगायला काय हरकत आहे? माणसं उगाच तलाठ्याकडे हेलपाटे घालतात.

आधार, फोटो, बँक पासबुक या नेहमीच्या कागदांबरोबर अर्ज जिल्हा ग्रामोद्योग कार्यालयात द्यायचा. जाहिरातीतली शेवटची तारीख अर्ज तिथे पोचण्याची धरा, पोस्टात टाकण्याची नव्हे.

अनुदान ५० टक्के, तेही साहित्याच्या रूपात. खात्यात पैसे येतील म्हणून वाट बघू नका. उरलेले ५० टक्के आपल्याला घालायचे आहेत. प्रशिक्षण मोफत असलं तरी त्याआधी व्यवसाय सुरू करण्याचं बंधपत्र द्यावं लागतं.

त्या बंधपत्रावर सही करण्यापूर्वी एकदा आपलं रान फिरून या. पेटीत पाळतात ती सातेरी मधमाशी रानात झाडाच्या ढोलीत राहते, आणि बांधावरचा जुना, पोकळ आईन किंवा किंजळ आपण ‘काय कामाचा’ म्हणून सर्वांत आधी तोडतो. काजू-आंब्याचा मोहोर, माघ-फाल्गुनात सावर, मग जांभूळ, पुढे करंज, घरामागे माड: फुलांची ही साखळी मध्येच तुटली की पेटी रिकामी होते. राबासाठी (भाताच्या रोपांची जागा भाजायला) फांद्या तोडताना जांभूळ आणि करंज तेवढे राखा. वणवा लागला तर फुलंही जातात आणि ढोल्याही. पावसात फुलोरा कमी, माशीला बाहेर पडता येत नाही. तेव्हा साखरेचा पाक द्यावा लागतो, त्याचा खर्च आधीच धरून ठेवा.

पेट्या वनखात्याच्या हद्दीत ठेवायच्या असतील तर वनपालाला तोंडी सांगून भागत नाही. परवानगी लेखी घ्या आणि तिची प्रत घरी ठेवा.