रोज रात्री गोठणारं झाड

भाचा आफ्रिकेतला किलिमांजारो करून आला. फोनमध्ये सहाशे फोटो, त्यातले निम्मे शिखरावरच्या पाटीला टेकून काढलेले. उरलेल्यांत एक बरा निघाला. धुक्यात हा उभा आणि मागे त्याच्या दुपटीहून उंच झाड. बुंधा गोणपाट गुंडाळल्यासारखा जाडजूड, फांद्या मोजून चार आणि प्रत्येकीच्या टोकाला कोबीच्या गड्ड्यासारखा पानांचा झुबका.

"मामा, हे डायनासोरच्या काळातलं झाड आहे. ग्रुपवर टाकलंय मी तसं."

मला राहवलं नाही. डायनासोर संपले साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. किलिमांजारोचा ज्वालामुखी उभा राहू लागला तो साधारण २५ लाख वर्षांपूर्वी, आणि हे झाड त्याच डोंगरावर घडलेलं. नाव डेंड्रोसेनेसिओ किलिमांजारी, कूळ शेवंती-झेंडूचं. पृथ्वीच्या हिशेबात कालपरवाचं पोर. त्याचं रूप विचित्र आहे हे खरं, पण त्याचं कारण वयात नाही, हवेत आहे.

किलिमांजारो विषुववृत्ताच्या जेमतेम ३ अंश दक्षिणेला. १८४८ मध्ये योहानेस रेबमान या जर्मन मिशनऱ्याने किलिमांजारोवर बर्फ पाहिला आणि तसं कळवलं, तेव्हा लंडनच्या काही भूगोलतज्ज्ञांनी त्याला वेड्यात काढलं होतं. बर्फ आहे, पण आपल्या ओळखीचा हिवाळा मात्र तिथे नाही. दिवस वर्षभर बारा तासांच्या आसपास, दुपारचा सूर्य कधीच फार कलत नाही. ऋतू पावसाचे असतात, थंडीचे नसतात. जानेवारी आणि जुलैच्या तापमानात जेवढा फरक पडतो, त्याहून कितीतरी जास्त फरक दुपार आणि पहाट यांच्यात पडतो. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ ऊलॉव्ह हेडबर्ग यांनी याचं वर्णन केलं आहे: रोज दिवसा उन्हाळा, रोज रात्री हिवाळा.

याचं कारण विरळ हवा. ४००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के. कोरड्या, विरळ हवेतून जमिनीची उष्णता सूर्य मावळताच आकाशात निघून जाते. (भाच्याच्या गळ्यात याच विरळ हवेवरचा उपाय म्हणून कापराची पुरचुंडी होती. कापूर हुंगला की नाकातल्या थंडाव्याच्या चेता चाळवतात आणि श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो. नाकातून जाणारी हवा मोजली तर तेवढीच भरते, ऑक्सिजन तर एक रेणूही वाढत नाही. खरा उपाय म्हणजे सावकाश चढणं. तिथले हमाल "पोले पोले" म्हणतात ते हेच.)

आता झाडाच्या जागी उभं राहून पाहा. हिमालयातलं भूर्ज हिवाळ्यापूर्वी पानं गाळतं आणि वसंताची वाट बघतं. इथे तसं करायचं तर रोज संध्याकाळी पानं गाळून सकाळी नवी फोडावी लागतील.

मग ही झाडं काय करतात? पानं चक्क गोठू देतात. माझ्या मते या डोंगरावर पाहण्यासारखं सगळ्यात भारी काही असेल तर ते हे आहे, पाटी नव्हे.

चुकून फ्रीजरमध्ये गेलेली कोथिंबीर बाहेर काढली की तिचा लगदा होतो, कारण बर्फाचे स्फटिक पेशींचं पटल फाडतात. डेंड्रोसेनेसिओच्या पानात बर्फ होतो तो पेशींच्या आत नाही, पेशींमधल्या पोकळ्यांत. तिथलं पाणी जवळपास शुद्ध, म्हणून आधी गोठतं. पेशीतल्या पाण्यात साखर नि क्षार विरघळलेले, त्यामुळे ते मागे राहतं. पुढे गंमत आहे. एकाच तापमानाला बर्फाचा बाष्पदाब, म्हणजे वाफ होऊन सुटण्याचा जोर, द्रव पाण्यापेक्षा कमी असतो. त्यामुळे बाहेरचा बर्फ पेशीतलं पाणी ओढू लागतो. शून्याखाली उतरलेल्या प्रत्येक अंशामागे ही ओढ सुमारे १२ वातावरणांनी (एक वातावरण म्हणजे समुद्रसपाटीवरचा हवेचा दाब) वाढते, म्हणजे उणे ५ अंशांना ६० वातावरणं! कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी सुटतं, तसं इथे बर्फ मिठाचं काम करतो. पाणी जाईल तशी पेशी आक्रसते, आतला रस पाकासारखा दाट होतो आणि त्याचा गोठणबिंदू आणखी खाली सरकतो. कुठेतरी दोन्ही बाजूंची ओढ सारखी होते आणि सगळं थांबतं. पहाटे पान ताठ, काचेसारखं असतं. ऊन लागलं की बर्फ वितळतो, पाणी परत पेशीत शिरतं आणि पान कामाला लागतं.

(कोणाला बाष्पदाबाशी झगडायचं नसेल तर कैरीवर थांबलात तरी चालेल.)

याच कुळातल्या दक्षिण अमेरिकेच्या अँडीजमधल्या एस्पेलेशियाने वेगळा डाव टाकला आहे. दिसायला हुबेहूब अशीच, पण तिच्या पानांतलं पाणी शून्याखाली जाऊनही द्रवच राहतं, याला अतिशीतन म्हणतात. पण त्याची मर्यादा ओलांडली की पान मेलंच.

पानं गोठली तरी चालतात, कोंब गोठून चालत नाही. म्हणून रात्री झुबक्याची पानं आत वळतात आणि कोंबावर मूठ मिटावी तशी मिटतात. बुंध्याचं ते गोणपाट म्हणजे वर्षानुवर्षांची वाळलेली पानं, झाडाने न टाकलेली. आत मऊ भेंड असतं, पाण्याने भरलेलं. सकाळी ऊन पानांवर पडतं तेव्हा जमीन अजून गारठलेली असते, मुळं पाणी देऊ शकत नाहीत. तेवढा वेळ भेंडातलं पाणी पुरतं, पण ते रात्री गोठलं नसेल तरच. अँडीजमध्ये संशोधकांनी एस्पेलेशियाची वाळकी पानं सोलून पाहिली, तर सोललेली झाडं जास्त मेली.

शेजारीच राक्षसी लोबेलिया असते. लोबेलिया म्हणजे परकी नव्हे, सह्याद्रीच्या माथ्यावर पांढऱ्या फुलांच्या उंच तुऱ्याची देवनळ आपण पाहतो ती याच प्रजातीतली. किलिमांजारोवरची लोबेलिया डेकेनाय पानांच्या वाटीत पाणी साठवून ठेवते. रात्री त्याच्या वरच्या थरावर बर्फ धरतो. शाळेतला अप्रकट उष्मा आठवा: शून्य अंशाचं एक ग्रॅम पाणी गोठताना ८० कॅलरी सोडतं. ८० अंशांचं कढत पाणी शून्यावर येईपर्यंत देईल तेवढी! वाटीतलं सगळं पाणी गोठेपर्यंत तळाचा कोंब शून्याखाली जात नाही, आणि सगळं गोठायच्या आत सूर्य येतो.

भाच्याला विचारलं, रात्री पाण्याची बाटली कशी ठेवत होतास? "उलटी. बर्फ वरून धरतो ना, मग बूच मोकळं राहतं." म्हटलं, लोबेलियाचंही तेच गणित आहे.

मग त्याच्याकडून बरांको कॅम्पचे सगळे फोटो मागून घेतले. एकात तो तोंडात ब्रश धरून उभा, वेळ सकाळी ६:२०, मागच्या झाडाची पानं घट्ट मिटलेली. दुसरा त्याच जागेवरून, सामान बांधून निघतानाचा, ९:४० चा. पानं ताटासारखी उघडी. "अरे, हे एकच झाड आहे?" तो म्हणाला, आणि दोन्ही फोटो आलटून पालटून मोठे करून पाहत बसला.