मजूर नाका

रोजंदारीचे काम मिळावे म्हणून मजूर सकाळी जिथे येऊन उभे राहतात तो शहरातला चौक किंवा रस्त्याचा कोपरा. मुंबई-ठाण्याकडे नाका हा शब्द रुळला आहे. पुण्यात आणि मराठवाड्यात मजूर अड्डा म्हणतात. थेरगावचा डांगे चौक, पुण्यातील वारजे, छत्रपती संभाजीनगरचे शहागंज ही परिचित उदाहरणे. येणाऱ्यांत बहुतेक स्थलांतरित: मराठवाडा-विदर्भाच्या कोरडवाहू गावांतले, कर्नाटकातील कलबुर्गी-यादगीरकडचे, तसेच उत्तर प्रदेश, बिहार आणि बंगालमधले.

नाका सातच्या सुमारास भरू लागतो. हातातल्या हत्यारावरून माणूस ओळखायचा. थापी-ओळंबा असेल तर गवंडी, ब्रश-रोलर असेल तर रंगारी. फावडे-घमेले घेतलेला किंवा रिकाम्या हाताचा तो बिगारी. ठेकेदाराची गाडी थांबली की घोळका होतो आणि भाव तिथल्या तिथे ठरतो. आठ वाजता सांगितलेला भाव दहाला टिकत नाही. बाईची मजुरी बहुधा पुरुषापेक्षा कमीच धरली जाते. ऊन चढले की काम न लागलेले लोक दुपारसाठी बांधून आणलेली भाकरी फुटपाथवरच सोडून खातात आणि खोलीवर परततात. पावसाळ्यात बाहेरची बांधकामे मंदावतात, तेव्हा असे दिवस वाढतात; कोणी पेरणीला गावी जातो, कोणी मुकादमाकडून उचल घेतो.

ही बेकारी उघड्यावर दिसते, पण आकडेवारीत जवळजवळ सापडत नाही. ‘चालू साप्ताहिक स्थिती’ या मोजमापात आठवड्यातल्या कोणत्याही दिवशी किमान एक तास काम केलेला माणूस रोजगारात गणला जातो. म्हणजे सहा दिवस नाक्यावर उभे राहून दोनच दिवस काम लागलेला बिगारी बेकार ठरत नाही. ही अडचण जाणकारांना नवी नव्हती. मुंबई विद्यापीठात शिकवलेले अर्थतज्ज्ञ एम. एल. दांतवाला यांच्या समितीच्या १९७० च्या अहवालानंतर राष्ट्रीय नमुना पाहणीत अर्ध्या-अर्ध्या दिवसाचा हिशेब मांडणारी ‘चालू दैनिक स्थिती’ आली. नाक्याला तीच जवळची. २०१७ पासूनच्या श्रमबल पाहणीत मात्र भर इतर मापांवर आहे आणि बातम्यांतला बेरोजगारीचा दर त्यांतूनच येतो.

कायद्याचीही गंमत आहे. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातली माणसे मोठ्या संख्येने शहरांत ढकलली, आणि त्याच दुष्काळातल्या कामांच्या अनुभवातून महाराष्ट्राचा १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. तो काम मागण्याचा हक्क देतो, पण मोठ्या शहरांत नाही. गाव सोडले की हक्क मागे राहतो.

बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या केंद्रीय कायद्यांनी बांधकाम खर्चावर उपकर बसवून त्यातून कल्याणनिधी उभारला; महाराष्ट्रात त्यासाठी २०११ मध्ये मंडळ स्थापन झाले. मंडळाकडे नोंदणीची अट अशी की मागील १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला हवा. एकाच साइटवर राबणाऱ्याला तो ठेकेदाराकडून मिळू शकतो. नाक्यावरच्या माणसाचा मालक रोज बदलतो, आणि एका दिवसासाठी बाथरूमची फरशी फोडून घेणारा घरमालक कागदावर सही कशाला करील? स्थानिक स्वराज्य संस्थेमार्फतही दाखल्याची सोय झाली, तरी त्यासाठी कचेरीत घालवलेला दिवस हाही खाडाच.

२४ मार्च २०२० ला टाळेबंदी जाहीर झाली आणि नाके ओस पडले. एप्रिलमध्ये राज्य सरकारने बांधकाम कामगारांसाठी प्रत्येकी २ हजार रुपयांची मदत जाहीर केली. ती मंडळाकडे नोंद असलेल्यांनाच होती. बाकीच्यांपैकी अनेक जण तोवर नाशिकच्या बाजूने महामार्ग धरून चालू लागले होते.