ओक्लाहोमा सिटीचे ब्लू डेव्हिल्स

जॅझ पियानोवादक काउंट बेसीच्या बँडवर कॅन्सस सिटीचा शिक्का इतका पक्का बसला आहे की त्यामागचं दुसरं गाव सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. १९३७ मध्ये या बँडच्या रेकॉर्ड न्यू यॉर्कमध्ये निघू लागल्या, तेव्हा त्यातला बासवादक वॉल्टर पेज, गायक जिमी रशिंग, सॅक्सोफोनवर लेस्टर यंग आणि पियानोवर खुद्द बेसी, हे चौघेही कधी ना कधी एकाच बँडमध्ये वाजवून-गाऊन आलेले होते. तो बँड ओक्लाहोमा सिटीचा, नाव ब्लू डेव्हिल्स. जेमतेम दहा वर्षं चालला. त्याच्या नावावर रेकॉर्डच्या दोनच बाजू आहेत, एका बाजूवर एक रचना. १९३३ मध्ये दौऱ्यावर असतानाच तो मोडला.

१९२० च्या दशकात अमेरिकेच्या मध्य आणि नैऋत्य भागात असे कितीतरी बँड होते. त्यांना ‘टेरिटरी बँड’ म्हणत. एखादं शहर मुक्कामाचं धरायचं आणि तिथून मोटारीने किंवा बसने गाठता येईल तेवढा मुलूख नाचाच्या हॉलांतून पिंजून काढायचा. डॅलसचा अल्फॉन्सो ट्रेंट, सॅन अँटोनियोचा ट्रॉय फ्लॉइड, कॅन्सस सिटीचा जॉर्ज ली, प्रत्येकाचा आपला इलाखा. यातले बहुतेक बँड कृष्णवर्णीयांचे. ज्या हॉलमध्ये त्यांनी गोऱ्यांना रात्रभर नाचवलं त्याच गावातल्या हॉटेलात त्यांना खोली मिळत नसे, मग कृष्णवर्णीय वस्तीतल्या एखाद्या घरी पथारी पडायची. रेकॉर्ड कंपन्यांचा कारभार न्यू यॉर्क-शिकागोकडे. त्यामुळे या बँडचा जॅझ किती चांगला होता हे आज बरंचसं ऐकीव माहितीवरच ठरवावं लागतं, आणि जॅझच्या इतिहासात या मुलखाला जी दुय्यम जागा मिळाली तिचं मोठं कारण एवढंच आहे, असं मला वाटतं.

ओक्लाहोमा सिटीत कृष्णवर्णीयांची वस्ती सेकंड स्ट्रीटच्या आसपास होती. तिला ‘डीप ड्यूस’ म्हणत. तिथला स्लॉटर्स हॉल हा ब्लू डेव्हिल्सचा अड्डा. जिमी रशिंग याच गावचा, त्याच्या वडिलांचं तिथे छोटं खाण्याचं दुकान होतं. पुढे कादंबरीकार म्हणून नाव काढलेला राल्फ एलिसन त्याच भागात वाढला. लहानपणी ट्रम्पेट शिकणाऱ्या या मुलाला हॉलमध्ये चाललेलं रशिंगचं गाणं काही गल्ल्या ओलांडून ऐकू येई, ही आठवण त्याने लिहून ठेवली आहे. इलेक्ट्रिक गिटारला जॅझमध्ये मानाची जागा मिळवून देणारा चार्ली ख्रिश्चनही इथेच मोठा झाला. एका छोट्या वस्तीसाठी ही यादी थक्क करणारी आहे.

बँड १९२३ च्या सुमारास जमला, पण त्याला रूप आलं ते १९२५ मध्ये वॉल्टर पेजने सूत्रं हाती घेतल्यावर. पेज १९०० मध्ये मिसूरी राज्यात जन्मला. कॅन्सस सिटीच्या लिंकन हायस्कूलमध्ये मेजर क्लार्क स्मिथ या कडक शिस्तीच्या बँडमास्तरच्या हाताखाली शिकला. अंगाने धिप्पाड, ट्यूबा वाजवायचा आणि तारांचा बासही. त्या काळात बँडचा खर्ज बहुधा ट्यूबा सांभाळायचा. ते फुंकीचं वाद्य, वादकाला श्वास घ्यावाच लागतो, म्हणून चारपैकी पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवरच तो बोले. नाचणाऱ्यांच्या पायांना त्यामुळे एक हेलकावा मिळायचा, पण पुढे सरकण्याची ओढ कमी. पेजने तारांच्या बासवर चारही मात्रा सारख्या वजनाने धरल्या, आणि नुसतं एका सुरावर ठाण मांडून न बसता सूर पायरीपायरीने चढवत-उतरवत नेले. ‘वॉकिंग बास’ म्हणतात तो हा. हे करणारा तो एकटा नव्हता. पण अख्खा बँड या चालीवर उभा करण्यात त्याचा वाटा फार मोठा आहे. खाली बास असा वाहता झाला की पियानोच्या डाव्या हाताचं काम हलकं होतं, ड्रमवाल्याला मोठ्या ढोलावर सतत लाथ मारावी लागत नाही, आणि वरच्या वाद्यांना मोकळं रान मिळतं. पुढच्या काळातल्या बेसीच्या मोजक्या, विरळ पियानोचं रहस्य शोधायचं तर ते पेजच्या बोटांत शोधावं.

वरची मांडणी साधी होती. बारा बारचा (बार म्हणजे चार मात्रांचा खंड) ब्लूज हा सगळ्यांना पाठ असलेला साचा. त्याच्या आवर्तनावर ट्रम्पेट-ट्रॉम्बोनवाले एखादा छोटा तुकडा धरायचे, सॅक्सोफोनवाले त्याला उत्तर द्यायचे आणि तो तुकडा घोळवत ठेवायचा. याला रिफ म्हणतात. त्यावर एकेक जण उभा राहून आपलं एकल वाजवणार. कागदावर बरंच काही लिहिलेलंच नसे, तालमीत तोंडातोंडी बसवलं जाई. सॅक्सोफोनवर टेक्सासचा बस्टर स्मिथ, ट्रम्पेटवर डॅलसचा हॉट लिप्स पेज, ट्रॉम्बोन आणि गिटार दोन्ही वाजवणारा, शिवाय कोणत्या वाद्याने काय वाजवायचं ती मांडणी लिहिणारा एडी डरॅम अशी मंडळी असल्यावर कागदाची गरजही कमीच.

बेसी यात बाहेरून आला. तो न्यू जर्सीचा, न्यू यॉर्कच्या हार्लेममधल्या पियानोवाल्यांच्या तालमीत तयार झालेला. गॉन्झेल व्हाइटच्या फिरत्या खेळात वाजवत असताना टल्सा शहरात एका सकाळी हॉटेलच्या खोलीत त्याच्या कानावर बँडचे सूर पडले. कोणी ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगची रेकॉर्ड लावली असावी असं त्याला वाटलं. खाली येऊन पाहतो तर ब्लू डेव्हिल्स रात्रीच्या कार्यक्रमाची जाहिरात करत वाजवत होते. पुढे तो खेळ कॅन्सस सिटीत मोडला, बेसी तिथेच अडकला, आणि १९२८ मध्ये ब्लू डेव्हिल्समध्ये दाखल झाला.

बँडचा कारभार भागीदारीचा होता. बिदागी आली की प्रवास-पेट्रोलचा खर्च वजा जाता उरलेलं सगळ्यांत सारखं वाटायचं, आणि निर्णय मतांनी घ्यायचे. आपल्याकडच्या भागीदारीतल्या जुन्या नाटक मंडळ्या ज्यांना ठाऊक आहेत त्यांना यातली गोडी आणि कटकट दोन्ही सांगायला नको. एकमेकांचं ऐकून वाजवण्याची सवय अशा बँडमध्ये आपोआप मुरते. पण मागे मालक नाही म्हणजे गंगाजळी नाही, आणि कोणी जास्त पैसे दाखवून माणूस उचलला तर त्याला थांबवायला हातात काही नाही.

उचलणारा होता कॅन्सस सिटीचा बेनी मोटन. त्याच्याकडे व्हिक्टर कंपनीचा रेकॉर्डचा करार होता, आणि त्याचं शहर टॉम पेंडरगास्ट या राजकीय दादाच्या मुठीत होतं. दारूबंदीचा कायदा तिथे नावालाच, त्यामुळे नाइटक्लब रात्रभर चालत आणि वादकांना काम मिळे. मोटनचा बँड लोकप्रिय होता, पण चाल जुन्या वळणाची. आपल्यात काय कमी आहे हे त्याने बरोबर ओळखलं. १९२९ मध्ये डरॅम आणि बेसी त्याच्याकडे गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्लू डेव्हिल्सने व्होकॅलियन कंपनीसाठी कॅन्सस सिटीत आपली ती एकमेव रेकॉर्ड केली. एका बाजूला ‘ब्लू डेव्हिल ब्लूज’, त्यात रशिंगचं गाणं. दुसऱ्या बाजूला ‘स्क्वॅबलिन’. म्हणजे बेसी या रेकॉर्डवर नाहीच. मग रशिंग गेला, हॉट लिप्स गेला, आणि वादकांच्या युनियनशी झालेल्या तंट्यात खचलेला वॉल्टर पेजही १९३१ मध्ये बँड सोडून मोटनला जाऊन मिळाला.

त्याचा परिणाम ऐकायला मिळतो. १३ डिसेंबर १९३२ रोजी मोटनच्या बँडने न्यू जर्सीतल्या कॅम्डेन इथे एका दिवसात दहा बाजू रेकॉर्ड केल्या. तोवर मंदीने धंदा पार बसला होता. १९२७ मध्ये अमेरिकेत दहा कोटींच्या घरात खपणाऱ्या रेकॉर्ड त्या वर्षी साठ लाखांवर आल्या होत्या. दौऱ्यावर बँडचे इतके हाल झाले होते की त्या दिवशी कुठूनसा मिळवलेला एक ससा शिजवून सगळ्यांनी वाटून खाल्ला, असं एडी बेअरफील्ड या वादकाने सांगितलं आहे. पण ‘मोटन स्विंग’ ऐका, ‘टोबी’ ऐका. उपाशी माणसं वाजवत आहेत असं क्षणभरही वाटत नाही. पेजच्या बासमुळे तोच बँड तीन वर्षांत ओळखू येईनासा झाला आहे.

मागे उरलेले ब्लू डेव्हिल्स गायक एर्नी विल्यम्स आणि बस्टर स्मिथ यांनी चालवले. लेस्टर यंग याच काळात त्यांच्यात होता. मुलूख ओळखीचा, पण सुपाऱ्या आटल्या होत्या. आणि न्यू यॉर्कच्या मोठ्या बँडचं वादन आता रेडिओवर घरबसल्या ऐकू येत होतं. १९३३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या ब्लूफील्ड गावी देणं थकलं, वाद्यं जप्त झाली आणि बँड संपला. मालगाड्यांतून चोरून प्रवास करत माणसं परत निघाली. यंग आणि स्मिथसह काही जण शेवटी मोटनकडेच पोचले.

एप्रिल १९३५ मध्ये टॉन्सिलच्या साध्या शस्त्रक्रियेत मोटन गेला, वयाच्या चाळिशीत. बेसी आणि स्मिथ यांनी जुनी माणसं गोळा करून कॅन्सस सिटीच्या रेनो क्लबमध्ये बँड उभा केला. तिथलं रेडिओ प्रक्षेपण जॉन हॅमंड या जॅझवेड्याने शिकागोत मोटारीतल्या रेडिओवर ऐकलं आणि पुढचं नशीब फिरलं. अर्थात हॅमंड पोचायच्या आत डेक्का कंपनीने बेसीची सही घेतलीच: चोवीस बाजू, साडेसातशे डॉलर, रॉयल्टी शून्य.

१९३७ च्या जुलैमध्ये रेकॉर्ड झालेलं ‘वन ओ’क्लॉक जंप’ ही या बँडची ओळख बनली. त्यातला मुख्य रिफ डॉन रेडमन या संगीतकाराच्या एका जुन्या मांडणीतून आलेला; त्यावर तालमीत सगळ्यांनी मिळून रचना चढवली. आधीचं नाव रेडिओवर उच्चारण्याजोगं नव्हतं, म्हणून घड्याळाकडे पाहून नवं ठेवलं गेलं. रचनेत आपला हात होता असं बस्टर स्मिथ सांगत असे. कागदावर नाव एकट्या बेसीचं लागलं. भागीदारीच्या बँडमध्ये रिफला मालक नसायचा. डेक्काच्या लेबलवर मात्र तो लागायचाच.

स्मिथ न्यू यॉर्कच्या त्या प्रवासात नव्हताच. या बँडचं काही खरं नाही असं वाटून त्याने १९३६ मध्येच दुसरीकडे काम धरलं होतं. नंतर कॅन्सस सिटीत त्याने स्वतःचा बँड काढला, आणि त्यात चार्ली पार्कर नावाचा, पुढे जॅझचं रूपच बदलून टाकणारा एक किशोरवयीन मुलगा त्याच्या शेजारी बसून ऑल्टो सॅक्सोफोन वाजवत होता. पार्कर १९५५ मध्ये गेला. स्मिथची स्वतःच्या नावाची पहिली लाँगप्ले १९५९ मध्ये टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ इथे रेकॉर्ड झाली.