क्लासिक स्पोर्ट्स कारला मागचा स्पॉयलर: पात्रता, कागदपत्रे आणि आरटीओची प्रक्रिया

स्पॉयलर म्हणजे डिकीवर बसणारा, हवेचा झोत वळवणारा पंख किंवा पट्टी. तो बसवायला डिकीवर ड्रिल टेकवण्याआधी आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) काढा आणि पहिल्या नोंदणीची तारीख बघा. त्या तारखेपासून 50 वर्षं उलटली असतील तर गाडीला विंटेज नोंदणी मिळू शकते, आणि मग स्पॉयलर हा फायद्यापेक्षा अडचणीचाच विषय आहे. 50 वर्षं झाली नसतील तर गाडी कायद्याच्या नजरेत साधी खासगी कार आहे आणि तिला मोटार वाहन कायद्याचं, गाडीतल्या बदलांना मर्यादा घालणारं कलम 52 लागतं. ‘स्पॉयलर परवानगी’ नावाचा वेगळा फॉर्म शोधत बसू नका, तो नाही. आधी आपली गाडी कोणत्या रांगेत उभी आहे ते ठरवायचं, मग पुढचं.

50 वर्षांपुढची गाडी

15 जुलै 2021 च्या अधिसूचनेने केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांची तरतूद आली. दुचाकी आणि खासगी चारचाकी, दोन्ही त्यात येतात. वय मोजायचं ते पहिल्या नोंदणीपासून, बनावटीच्या वर्षापासून नाही. 1973 साली कारखान्यातून निघून 1975 च्या डिसेंबरात नोंदलेल्या गाडीची पन्नाशी 2025 च्या डिसेंबरात भरते. आयात केलेल्या गाडीलाही हाच हिशेब.

दुसरी अट स्पॉयलरवाल्यांसाठी खरी महत्त्वाची. गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी शेल (गाडीचा पत्र्याचा सांगाडा) किंवा इंजिनात फेरफार करणारं मोठं काम झालेलं नसावं. डिकीच्या झाकणाला चार भोकं पाडली म्हणजे बॉडी शेल बदलला का, यावर वाद घालता येईल. पण तो वाद तपासणी समितीसमोर घालायची वेळ आपण स्वतःवर का आणायची? नोंदणी हातात पडेपर्यंत मूळ झाकणाला हात लावू नये, हे आमचं स्पष्ट मत.

उलट बाजूही लक्षात ठेवा. काही गाड्यांचा स्पॉयलर कारखान्यातूनच आलेला असतो. पोर्शे 911 कॅरेरा आरएस 2.7 ही गाडी ऑक्टोबर 1972 मध्ये पॅरिसच्या मोटार शोमध्ये आली ती मागे बदकाच्या शेपटीसारखा उचललेला स्पॉयलर घेऊनच. तिथे तो काढणं हाच फेरफार. बीएमडब्ल्यू 3.0 सीएसएलची गंमत वेगळी: जर्मनीत तो मोठा मागचा पंख रस्त्यावर चालत नव्हता, म्हणून कंपनी तो न बसवता डिकीत ठेवून गाडी देत असे. अशा गाडीच्या बाबतीत कंपनीचं त्या काळचं माहितीपत्रक किंवा पार्ट्स कॅटलॉगचं पान अर्जासोबत ठेवलेलं बरं. नियमात ते मागितलेलं नाही, पण तपासणीच्या वेळी ‘हे मूळचंच आहे’ हे तोंडी सांगण्यापेक्षा कागद दाखवणं सोपं.

अर्ज परिवहन पोर्टलवर करायचा. लागणारी कागदपत्रं फार नाहीत:

- फॉर्म 20 मधला अर्ज
- चालू विमा पॉलिसी
- आयात गाडी असेल तर बिल ऑफ एंट्री (कस्टम्सचा आयातीचा कागद)
- भारतात आधीच नोंदलेली असेल तर जुनी आरसी
- फी: नव्या नोंदणीसाठी 20,000 रुपये, पुनर्नोंदणीसाठी 5,000

राज्याने नेमलेला नोडल अधिकारी अर्ज हाताळतो आणि समिती गाडी बघते. सगळं ठीक असेल तर अर्जापासून 60 दिवसांत फॉर्म 23ए मध्ये प्रमाणपत्र मिळायला हवं. ते 10 वर्षं चालतं. नव्या नोंदणीच्या नंबरात राज्याच्या कोडनंतर ‘व्हीए’ येतं, मग दोन अक्षरं आणि 0001 ते 9999 मधला आकडा. आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो, आणि एमएमएक्स किंवा एमआरएचने सुरू होणारा जुना नंबर सोडायला कुणी तयारही नसतं.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा स्पॉयलरवर नाही, चेसिस नंबरावर. जुन्या आरसीवर हाताने लिहिलेला 3 आणि 8, किंवा 1 आणि 7, एकसारखे दिसतात. पोर्टलवर एक चढलेला असतो आणि प्लेटवर दुसरा कोरलेला असतो. अर्जाआधी रॉकेलच्या फडक्याने प्लेट साफ करा, त्यावर कागद धरून पेन्सिल घासा आणि उमटलेला आकडा आरसीशी एकेक करून ताडून बघा. चूक असेल तर आधी ती दुरुस्त करून घ्या.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्या: विंटेज नोंदणीची गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, त्यासाठीची ये-जा, पेट्रोल आणि देखभाल एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर. व्यावसायिक वापर नाही. ताशी 40 ने रॅलीत चालणाऱ्या गाडीचा स्पॉयलर हवेला काही करत नाही, तो फक्त फोटोत दिसतो.

50 वर्षांच्या आतली गाडी

इथे कलम 52. आरसीवरचा तपशील आणि उत्पादकाने मूळ दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. कलमात स्पॉयलर हा शब्द नाही. ‘बदल’ म्हणजे वाहनाच्या रचनेतला असा फरक की ज्याने त्याचं मूळ वैशिष्ट्य बदलतं, अशी व्याख्या आहे. मूळ झाकणावर चिकटवलेली हलकी पट्टी आणि झाकण काढून त्या जागी बसवलेला फायबरचा मोठा पंख यांच्यात त्या व्याख्येनुसार बराच फरक पडतो. पहिल्या प्रकारात वजन, लांबी, बॉडीचा प्रकार, रंग यातलं आरसीवरचं काहीच हलत नाही. दुसऱ्यात अडकायला जागा आहे. बेकायदा बदलाला कलम 182ए खाली दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. तीन बदल असले तर दंडही तीनदा.

म्हणून मोठं काम असेल तर आधी आपल्या नोंदणी प्राधिकाऱ्याला, म्हणजे आरटीओला, लेखी विचारा. साध्या कागदावर अर्ज: गाडीचा नंबर, चेसिस नंबर, पार्टचं नाव, वजन, साहित्य, कसा बसवणार, आणि मागून व बाजूने काढलेले फोटो. सोबत आरसी, विमा, पीयूसी. गाडीवर कर्ज असेल तर वित्त कंपनीची लेखी संमती लागतेच. जुनी गाडी घेताना बदल आधीच झालेला आढळला तर गप्प बसू नका. मंजुरीविना झालेला बदल 14 दिवसांत आरसी आणि फीसह कळवायचा, असं कायदा मालकाला सांगतो. पोर्टलवर ‘अल्टरेशन’ची सेवा याचसाठी आहे.

लपवून चालेल असं वाटत असेल तर नूतनीकरण आठवा. 15 वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फॉर्म 25 भरावा लागतो, तोही मुदत संपायच्या 60 दिवसांच्या आतच, आणि गाडी निरीक्षकासमोर उभी करावी लागते. तो नंबरप्लेटजवळ वाकला की मागचा पंख त्याच्या कपाळालाच लागतो.

बसवताना

सगळ्यात सुरक्षित मार्ग म्हणजे दुसरं झाकण. त्याच मॉडेलचं जुनं झाकण भंगार बाजारातून मिळवा, रंगवा, भोकं त्यालाच पाडा. मूळ झाकण जुन्या चादरीत गुंडाळून कोरड्या जागी उभं ठेवा. तपासणीला मूळ, रॅलीला दुसरं. बदलायला बिजागरीचे चार बोल्ट आणि अर्धा तास.

चिकटवायचं असेल तर ॲक्रिलिक फोमची दुहेरी टेप. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन पृष्ठभाग पुसा, टेप लावून पूर्ण लांबीवर जोरात दाबा आणि 72 तास गाडी धुवू नका. पावसाळ्यात हे काम टाळा. पत्र्यावर दमटपणाचा न दिसणारा थर असतो आणि टेप त्यालाच चिकटते. पण खरी फसगत रंगाची होते. टेप रंगाला घट्ट धरते, रंग मात्र खालच्या लांबीला (खड्डे बुजवायच्या पुटीला) धरून असतो आणि लांबी पत्र्याला. वीस वर्षांपूर्वी कुणी तरी जाड लांबी भरून रंगवलेलं झाकण असेल तर हायवेवर स्पॉयलर रंगाच्या सालीसकट निघून येतो. आधी झाकणावर जागोजागी चुंबक फिरवून बघा. जिथे तो धरत नाही तिथे लांबी जाड आहे.

बोल्टने बसवताना झाकणाच्या खालच्या बाजूची रिब (मजबुतीची उभारलेली पट्टी) चुकवा. आधी 3 मिमीचं भोक, मग सहाच्या बोल्टसाठी 6.5 मिमी. भोकाची कड घासून झिंक प्रायमर आणि रंग लावल्याशिवाय बोल्ट घालू नका, नाहीतर पुढच्या दोन पावसाळ्यांत तिथून तांबडा ओघळ येईल. वरून रबर वॉशर, खालून रुंद स्टीलचा वॉशर, मध्ये सीलंट. फायबरचा स्पॉयलर पान्याने आवळायचा नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखी तडा बोल्टभोवतीच सुरू होते. झाकणाची स्प्रिंग मूळ वजनाला बेतलेली असते, तेव्हा तीन-चार किलो वाढले की उघडं झाकण मानेवर येतं. शेवटी दोन गोष्टी बघा: अंधारात नंबरप्लेटवर दिव्याचा उजेड पडतो का, आणि आतल्या आरशातून मागची मोटरसायकल दिसते का.

विमा कंपनीला बदल लेखी कळवा, पोच जपून ठेवा. आणि तिथे ‘विंटेज’ शब्दावर विसंबू नका: भारतीय मोटार टॅरिफमधली (वाहन विम्याच्या दरांची नियमावली) विंटेजची सवलत 1940 अखेरपर्यंतच्या आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेल्या गाड्यांची होती. आरटीओकडे विंटेज ठरलेली 1972 ची गाडी त्या व्याख्येत बसत नाही. पॉलिसी घेताना ठरलेली किंमत कागदावर किती धरली आहे, आणि त्यात स्पॉयलर धरला आहे का, हे वाचूनच सही करा.