अँटिव्हायरस होता ना, मग?

कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला असं कुणी सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘अँटिव्हायरस नव्हता का?’ बहुतेक वेळा असतो. चालूही असतो, ‘सगळं ठीक आहे’ अशी हिरवी खूण मिरवत. तरी फायली जातात, पासवर्ड जातात. दरवेळी दोष अँटिव्हायरस बनवणाऱ्यांचाच असतो असं नाही. कधीच न चुकणारा अँटिव्हायरस बनवणं अशक्य आहे, आणि हे गणिताने सिद्ध झालंय.

१९८३ साली अमेरिकेत फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याने, रीतसर परवानगी घेऊन, एका युनिक्स कॉम्प्युटरवर स्वतःची नक्कल दुसऱ्या प्रोग्राममध्ये घुसवणारा प्रोग्राम सोडला. पाच वेळा प्रयोग केला आणि पाचही वेळा तासाभराच्या आत त्याला मशीनचा पूर्ण ताबा मिळाला. या प्रकाराला ‘व्हायरस’ हे नाव सुचवलं ते त्याचे मार्गदर्शक लेनर्ड एडलमन यांनी. मग कोहेनने एक साधा प्रश्न घेतला: व्हायरस हमखास ओळखता येईल का?

समजा, कुठलाही प्रोग्राम समोर ठेवला की ‘हा व्हायरस आहे’ किंवा ‘नाही’ हे न चुकता सांगणारा एक परीक्षक आपल्याकडे आहे. आता मी एक खोडसाळ प्रोग्राम लिहितो. तो सुरू झाला की आधी परीक्षकालाच विचारतो, ‘माझ्याबद्दल तुझं मत काय?’ परीक्षक ‘व्हायरस’ म्हणाला, तर तो काहीही न करता गप्प बसतो. ‘निर्दोष’ म्हणाला, तर लगेच पसरायला लागतो. म्हणजे परीक्षकाने काहीही सांगितलं तरी ते खोटंच ठरणार. असा परीक्षक असूच शकत नाही.

त्यामुळे अँटिव्हायरसला अंदाजावर काम भागवावं लागतं. आधी पकडलेल्या फायलींच्या खुणा जुळतात का ते तो बघतो, आणि चालू प्रोग्रामची वागणूक संशयास्पद आहे का यावर नजर ठेवतो. हे कामाचं आहेच, तो काढून टाका असं मी मुळीच म्हणत नाही. विंडोजमध्ये आधीपासून असलेला डिफेंडर घरच्या वापराला पुरतो, एवढंच. दोन-दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालवले तर ते एकमेकांच्याच पायात पाय घालतात.

खरी गोम वेगळीच आहे. तुम्ही उघडलेला प्रोग्राम तुमच्या नावाने चालतो, म्हणून तुम्हाला जे जे करता येतं ते ते त्यालाही करता येतं. रोजच्या वापरासाठी ॲडमिनचे अधिकार नसलेलं साधं खातं ठेवावं, हा सल्ला बरोबर आहे, पण त्याने वाचते मुख्यतः विंडोज. तुमचे फोटो तुम्हाला उघडता, बदलता, पुसता येतात ना? मग ते कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरलाही ॲडमिनच्या परवानगीची गरज नसते.

म्हणून काय उघडतो आहोत हे दिसलं पाहिजे, आणि इथे विंडोजची एक जुनी सवय आड येते. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ अशा विषयाचा ईमेल जगभर पसरला. सोबतच्या फाइलचं नाव ‘टीएक्सटी’वर संपलेलं दिसे, म्हणजे साधा मजकूर. प्रत्यक्षात त्यापुढे ‘व्हीबीएस’ हे आणखी एक शेपूट होतं, म्हणजे तो साधा मजकूर नव्हे, तर प्रोग्राम होता. ओळखीच्या प्रकारांची शेपटं विंडोज लपवतं, म्हणून ते कुणाला दिसलंच नाही. ही सवय अजून सुटलेली नाही! विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोरर उघडा, ‘व्ह्यू’मध्ये ‘शो’, आणि त्यात ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर टिचकी मारा. यापुढे पीडीएफचं सोंग घेतलेली ‘ईएक्सई’, म्हणजे प्रोग्रामची, फाइल उघडी पडेल.

काही हल्ल्यांना मात्र तुमच्या क्लिकचीही गरज नसते. १२ मे २०१७ ला पसरलेला वॉनाक्राय हा रॅन्समवेअर नेटवर्कवरून आपोआप शिरत होता. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. ५९ दिवस मिळाले होते. ‘नंतर आठवण करा’ हे बटण किती महाग पडू शकतं, याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आहेत, हेही ध्यानात असू द्या.

आणि बॅकअप. तो बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, काम झालं की डिस्क काढून ठेवा. लावून ठेवलेली डिस्क फायलींसोबतच कुलूपबंद होते.

आता लागण झालीच तर. ब्राउझरमध्ये भोंगा वाजवत ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले, या नंबरवर फोन करा’ असं लाल पान आलं, तर ती बहुधा लागण नसतेच. वेबपेजला तुमची डिस्क तपासता येत नाही. फोन करू नका, ऑल्ट आणि एफ-४ दाबून ब्राउझर बंद करा.

खरा संशय असेल तर सगळ्यात आधी वायफाय बंद करा, केबल असेल तर उपसा. मग डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवा. यात कॉम्प्युटर विंडोज सुरू न करताच तपासणी करतो. विंडोजच्या पोटात दडलेल्या प्रोग्रामला स्वतःला लपवता येतं. विंडोजच सुरू झालं नाही की तोही निपचित पडलेला असतो.

पासवर्ड लगेच बदला, पण त्याच कॉम्प्युटरवरून नको. तसं केलंत तर चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून आधी ईमेलचा पासवर्ड बदला, कारण बाकी बहुतेक खात्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात. तेवढ्यावर थांबू नका. लॉगिन केल्यावर वेबसाइट ब्राउझरला कुकी नावाची चिठ्ठी देते आणि पुढे ती चिठ्ठी बघूनच आत सोडते. हल्लीचे चोर प्रोग्राम ही चिठ्ठीच पळवतात, मग ना पासवर्ड लागतो ना ओटीपी. म्हणून खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘सर्व उपकरणांवरून साइन आउट’ करा. त्याने जुन्या चिठ्ठ्या रद्द होतात.

रॅन्समवेअर असेल तर पैसे भरूनही किल्ली मिळेलच असं नाही. ‘नो मोअर रॅन्सम’ या २०१६ पासून चालणाऱ्या उपक्रमात युरोपोल ही युरोपियन युनियनची पोलीस संस्था आणि डच पोलीस सहभागी आहेत. काही प्रकारांच्या किल्ल्या तिथे फुकट मिळतात. आज नसली तरी उद्या येऊ शकते, म्हणून कुलूपबंद फायली पुसू नका, वेगळ्या डिस्कवर ठेवून द्या.

साफसफाई करून मन मानत नसेल, तर माझं मत सरळ आहे: डिस्क पुसा आणि विंडोज नव्याने टाका, तेही स्वच्छ मशीनवर तयार केलेल्या पेनड्राइव्हवरून. बॅकअपमधून फोटो आणि कागदपत्रं परत आणा, प्रोग्राम मूळ साइटवरून नव्याने उतरवा. ‘डाउनलोड्स’चा फोल्डर मात्र आणू नका. ज्या फाइलपासून हे सगळं सुरू झालं, ती बहुधा अजून तिथेच पडलेली असते.