कैरीतलं पाणी बाहेर येतं कसं?

मे महिन्याच्या शेवटी आमच्या गावच्या देवळाच्या मंडपात एक पाणीवाला आला होता. पाणी विकणारा नव्हे, पाण्याचं यंत्र विकणारा. त्याचं म्हणणं असं की साध्या पाण्याचे रेणू मोठमोठ्या झुबक्यांत असतात, म्हणून ते पेशीत शिरतच नाहीत, नुसते अंगातून वाहून जातात. त्याच्या यंत्रातून गेलं की झुबके बारीक होतात आणि पाणी थेट पेशीत पोचतं. मागे पडद्यावर निळ्या गोळ्यांची चित्रं. किंमत ऐकल्यावर पुढच्या रांगेतले दोघे चपला शोधायला उठले, पण तिघांनी नावं नोंदवली. त्यातला एक माझा जुना विद्यार्थी, हे विशेष लागलं.

घरी आलो तर माजघरात रायवळ कैऱ्यांच्या फोडी मिठात घालणं चाललं होतं. शेजारच्या काकी हात लावायला आल्या होत्या. मी यंत्राची हकीकत सांगितली. काकी परातीतल्या फोडी वरखाली करत म्हणाल्या, "मीठ घातल्यार पाणी सुटतलाच. तेका यंत्र कित्याक व्हया?"

बरोबर. तासाभरात परातीच्या तळाला पाणी साचलं. दुसऱ्या दिवशी फोडी सुरकुतल्या होत्या आणि बरणीत बोटभर खार चढला होता. त्यातलं थोडं पाणी सुरीने कापलेल्या पेशींचं, पण बहुतेक सगळं धडधाकट पेशींच्या आतून आलेलं. पेशीच्या पडद्यातून पाणी जातच नसतं, तर हा खार आला कुठून?

इथे एक समजूत बाजूला करतो, कारण ती मीही वर्षानुवर्षं वर्गात सांगितली आहे: "मीठ पाणी ओढून घेतं." मीठ काही ओढत नाही. पाण्याचे रेणू पेशीच्या पडद्यावर, म्हणजे पेशीपटलावर, दोन्ही बाजूंनी सारखे आदळत असतात. काही आत जातात, काही बाहेर येतात. बाहेर मिठाचं दाट पाणी असलं की तिकडून परत आत शिरणाऱ्या रेणूंची संख्या घटते, आतून निघणाऱ्यांची मात्र तेवढी घटत नाही. मिठाचे सोडियम आणि क्लोराइड स्वतः पटलातून सहजी पलीकडे जाऊ शकत नाहीत, त्यामुळे ही तूट भरून निघत नाही. या ये-जा करण्यातल्या तुटीलाच शाळेत आपण परासरण म्हणतो.

कैरी सुरकुतते, फुटत नाही, कारण वनस्पतीच्या पेशीला पटलाच्या बाहेरून सेल्युलोजची जाड भित्तिका असते. फुटबॉलचं कातडं आणि आतला ब्लॅडर आठवा. ब्लॅडर म्हणजे पटल. पेशीत पाणी भरलेलं असतं तेव्हा तो कातड्याला दाबून धरतो आणि कैरी कडक लागते. पाणी गेलं की ब्लॅडर आतल्या आत आकसतो. कुंडीतल्या रिओच्या पानाची खालची जांभळी साल सोलून काचपट्टीवर ठेवा, मिठाच्या पाण्याचा थेंब टाका आणि सूक्ष्मदर्शकातून पाहा. जांभळा रंग भित्तिकेपासून सुटून मधोमध गोळा होतो. दरवर्षी अकरावीची मुलं हे बघून "ओह" म्हणायची, आणि त्या एका "ओह"साठी मी तीस वर्षं रिओच्या कुंड्या जगवल्या.

प्राण्यांच्या पेशीला हे कातडंच नाही. रक्तातली तांबडी पेशी शुद्ध पाण्यात टाकली की फुगते आणि फुटते. म्हणून तर दवाखान्यातल्या सलाईनच्या लिटरभर पाण्यात ९ ग्रॅम मीठ असतं. नुसतं पाणी शिरेत सोडत नाहीत.

आता खरी गंमत. पेशीपटल म्हणजे मुख्यतः मेदाच्या रेणूंचा दुहेरी थर, जाडी सुमारे ५ नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). मेद आणि पाणी यांचं किती जमतं ते बांगड्याच्या कालवणावरच्या तवंगाला विचारा. तरी पाण्याचा रेणू लहान असल्यामुळे थोडं पाणी या थरातून झिरपतं. बरीच दशकं असंच मानलं जात होतं की एवढं झिरपणं पुरतं. पण हिशेब लागत नव्हता. आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जेमतेम दीड-दोन लिटर बाहेर टाकतात. बाकी सगळं परत घेतात. झिरपण्यावर हे भागणार नाही.

उलट बेडकाचं अंडं घ्या, तीही एक पेशीच. पावसाळ्यात आमच्या मळ्यातल्या डबक्यांत ती पडलेली असतात, गोड्या पाण्यात, आणि तरी फुगत नाहीत. म्हणजे एका पेशीतून पाणी धो धो जातं, दुसरीतून जवळजवळ जातच नाही. दोन्हींभोवती मेदाचाच थर आहे.

उत्तर अपघाताने सापडलं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पीटर अॅग्रे तांबड्या पेशींतलं आरएच रक्तगटाचं प्रथिन शोधत होते. त्यांच्या नमुन्यात एक भलतंच प्रथिन पुन्हा पुन्हा यायचं. आधी त्यांना तो गाळ वाटला. मग लक्षात आलं की हा गाळ भलताच मुबलक आहे: एका तांबड्या पेशीत त्याच्या सुमारे दोन लाख प्रती. १९९२ साली त्यांच्या गटाने या प्रथिनाचा आरएनए, म्हणजे ते कसं बनवायचं याची चिठ्ठी, बेडकाच्या अंड्यांत टोचला, अंड्यांना ते प्रथिन बनवू दिलं आणि मग ती पातळ द्रावणात सोडली. टोचलेली अंडी काही मिनिटांतच फुगून फुटली. शेजारची न टोचलेली होती तशीच. या प्रथिनाचं नाव पडलं अॅक्वापोरिन, आणि २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल अॅग्रे यांना रॉडरिक मॅकिनन यांच्यासोबत मिळालं.

अॅक्वापोरिन म्हणजे पटलात आरपार बसवलेला बोगदा, डमरूसारखा, मध्ये चिंचोळा. सर्वांत अरुंद जागी त्याची रुंदी सुमारे ०.२८ नॅनोमीटर, म्हणजे पाण्याच्या एका रेणूएवढी. दुसरा रेणू शेजारी मावत नाही. एकामागे एक, रांगेने. आणि तरी एका बोगद्यातून सेकंदाला सुमारे ३ अब्ज रेणू जातात.

थोडं अवघड आहे, पण याहून सुंदर गोष्ट मला जीवशास्त्रात फारशी माहीत नाही, म्हणून सांगतोच. पाण्याच्या रांगेतून प्रोटॉन, म्हणजे नुसता हायड्रोजनचा धन कण, फार चपळपणे पळतो. आग विझवायला विहिरीपासून माणसं रांगेने उभी राहतात आणि घागर हातोहात पुढे जाते, तसा. माणसं जागेवरच, घागर मात्र पोचलेली. बोगद्यात पाण्याची अशी रांग लागली तर प्रोटॉनही हातोहात पार होतील. ते परवडणारं नाही, कारण पटलाच्या दोन बाजूंच्या प्रोटॉनमधल्या फरकावर पेशी आपली ऊर्जा साठवते. गळती झाली की बॅटरी संपली. मग पाणी सोडायचं आणि प्रोटॉन अडवायचा कसा? बोगद्याच्या बरोबर मध्यावर अॅस्पराजीन नावाची दोन अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या माळेतले मणी, समोरासमोर आहेत. ती येणाऱ्या पाण्याच्या रेणूचा ऑक्सिजन धरतात आणि त्याला फिरवतात. परिणामी मध्याच्या वरचे सगळे रेणू एकीकडे तोंड करून, खालचे दुसरीकडे. रांगेतली दोन माणसं एकमेकांना पाठ करून उभी राहिली तर घागर कोण कोणाला देणार? शिवाय बोगद्यातला धनभार प्रोटॉनला मागे रेटतो. पाणी जातं, घागर राहते.

आता पाणीवाल्याकडे परत. पाण्याचे रेणू एकमेकांना धरतात हे खरं, पण ते बंध सेकंदाच्या साधारण एक लाख कोटीव्या भागात तुटतात आणि दुसऱ्याशी जुळतात. यंत्रात केलेला बारीक झुबका यंत्राच्या तोटीतून पेल्यातही पोचत नाही, पेशी तर लांबच. आणि पेशीच्या दारात झुबका कितीही लहान करा, आत जाताना शेवटी एकेकट्यानेच जायचं आहे. नळाचं पाणी, विहिरीचं पाणी, सोलकढीतलं पाणी, सगळ्यांना तोच बोगदा. मी हे त्या विद्यार्थ्याला समजावलं. तो म्हणाला, "सर, आगाऊ रक्कम परत देत नाहीत."

माणसात अॅक्वापोरिनचे १३ प्रकार आहेत. आराबिडॉप्सिस नावाच्या मोहरीच्या लहानशा नातेवाइकात ३५. झाडाला पळता येत नाही, जिथे रुजलं तिथलंच पाणी सांभाळायचं, त्याला इतकी दारं लागतात असं मला वाटतं. त्यातली बरीच दारं उघडझाप करणारी आहेत, आणि याचा प्रत्यय या आषाढात परसात आला.

चार दिवस धरून पाऊस लागला. मिरचीच्या वाफ्यात घोट्याएवढं पाणी साचलं. पाचव्या दिवशी ऊन पडलं आणि रोपांनी माना टाकल्या. पाण्यात उभी राहून सुकलेली रोपं! काकी कुंपणापलीकडून बघून म्हणाल्या की दिष्ट लागली. कैरीच्या बाबतीत अचूक बोललेल्या काकी इथे घसरल्या, आणि संध्याकाळी वाफ्याच्या काठीला काळी बाहुली लटकली.

घडलं होतं ते असं: साचलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही. प्राणवायूवाचून मुळांच्या पेशींच्या आतला द्रव आम्लधर्मी होतो, म्हणजे प्रोटॉन वाढतात. अॅक्वापोरिनच्या आतल्या तोंडाशी हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल असतं. त्याला प्रोटॉन चिकटला की बोगद्याचं झाकण पडतं. बोगद्यातून जाऊ न शकलेला तोच प्रोटॉन इथे दाराला कडी घालतो. मुळाशी पाणी आहे, दार बंद आहे, वर पानं उन्हात पाणी सोडत आहेत.

बाहुली मी काढली नाही, उगाच वाद नको. कुदळ घेऊन वाफ्याला चर काढून पाणी पाणंदीकडे वळवलं. तीन दिवसांत बरीचशी रोपं उभी राहिली. पाच कुजली. काकींनी बाहुली अजून ठेवली आहे.