हिंडलगा जेलमध्ये आपलं माणूस असलं तर: फुकट वकील, जामीन आणि जामीनदाराचे कागद कुठं अडतात

आधी उत्पन्नाच्या दाखल्याचं बोलू, कारण निम्मी माणसं तिथंच दमतात. घरातला माणूस बेळगावच्या हिंडलगा जेलमध्ये, खाजगी वकिलाची फी झेपत नाही, कोर्टाच्या गेटवर कोणीतरी सांगतं की सरकारकडून वकील फुकट मिळतो पण इन्कम सर्टिफिकेट आणा. मग खानापूरकडची बाई नाडकचेरीत, म्हणजे दाखले देणाऱ्या सरकारी ऑफिसात, लाईनीला उभी राहते, तिथं सर्व्हर डाऊन, तलाठी सुट्टीवर, आधारवर नाव एक आणि रेशनकार्डावर दुसरं, असं करत दिवस जातात आणि तेवढे दिवस नवरा वकिलाशिवाय आत.

हा दाखला लागतच नाही. लीगल सर्व्हिसेस ॲथॉरिटीज ॲक्ट 1987, कलम 12 बघा. फुकट वकील कोणाला मिळतो त्याची यादी आहे त्यात, आणि कस्टडीत असलेला माणूस ही त्या यादीतली वेगळी कॅटेगरी आहे, कमी उत्पन्नवाला ही वेगळी. एकात बसलं की झालं, दोन्हीत बसायची गरज नाही. बायका, मुलं, एससी-एसटी, अपंग यांनाही उत्पन्न विचारायचं नसतं. आणि हे फक्त भारतीयांपुरतं नाही, परदेशी माणूस कस्टडीत असला तरी त्यालाही हाच हक्क. खिडकीवरच्या माणसाने तरी दाखला मागितला तर भांडत बसू नका, अर्जातच एक ओळ घाला, "अर्जदार न्यायालयीन कोठडीत आहे, कलम 12 प्रमाणे उत्पन्नाची अट लागू नाही", आणि शिक्का मारलेली पोच घ्या. पोच नसेल तर तुम्ही अर्ज दिलाच नाही असं समजा, कारण पुढच्या खेपेला तिथं दुसरा माणूस बसलेला असतो.

अर्ज साध्या कागदावर चालतो. जिल्हा कोर्टाच्या आवारात लीगल एडचं, म्हणजे फुकट वकील देणारं, ऑफिस आहे, तालुका कोर्टात तालुका समिती असते, किंवा आतल्या माणसाने स्वतः जेलच्या सुपरिंटेंडेंटकडे दिला तरी तो पुढे पाठवायचा असतो. 15100 हा हेल्पलाईन नंबर आहे. नियमाप्रमाणे सात दिवसांत निर्णय व्हायला पाहिजे, नाही म्हणाले तर चेअरमनकडे अपील करता येतं, चेअरमन म्हणजे जिल्हा न्यायाधीशच. मराठीत लिहिलं तर चालतं का, हे सगळे विचारतात. मी सांगतो, कन्नड नाहीतर इंग्लिशमध्ये लिहून घ्या, तिथं पीएलव्ही म्हणून स्वयंसेवक असतात, लिहून देणं हे त्यांचं कामच आहे. सीमाप्रश्नाचा निकाल त्या खिडकीवर लागणार नाही, आपला माणूस बाहेर काढायचाय.

पण भाषेचा एक मुद्दा मात्र सोडायचा नाही. अटक का केली ते लेखी द्यायला पाहिजे आणि अटक झालेल्याला समजेल त्या भाषेत द्यायला पाहिजे, असा सुप्रीम कोर्टाचा नोव्हेंबर 2025 चा निकाल आहे, मिहीर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र. लगेच देणं जमलं नाही तर तोंडी सांगायचं, पण रिमांडसाठी, म्हणजे कोठडी मागायला, कोर्टात उभं करायच्या निदान दोन तास आधी लेखी हातात पडलं पाहिजे, नाहीतर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदेशीर ठरतात. आता आपल्याकडं होतं काय, पोरगं येळ्ळूरचं, मराठी शाळेत शिकलेलं, समोर कन्नडमध्ये टाईप केलेला कागद येतो, सही कर म्हटलं की करतंय. जे समजत नाही त्यावर सही करावीच लागली तर सहीच्या वर मराठीत लिहायचं, "मला वाचून दाखवलं नाही, कन्नड येत नाही." एवढी एक ओळ पुढे वकिलाला फार उपयोगी पडते. आणि पहिल्या रिमांडलाच मॅजिस्ट्रेटना सांगायचं की वकील नाही, त्यासाठी रिमांड वकील नेमलेला असतो, मागितल्याशिवाय तो उठून येईलच असं नाही.

वकालतनाम्याचं, म्हणजे वकिलाला केस चालवायचा अधिकार देणाऱ्या कागदाचं, सोपं आहे, फॉर्म जेलमध्ये द्यायचा, आतल्या माणसाची सही झाली की अधिकारी शिक्का मारून परत देतात.

आता तारखा. इथं जे नुकसान होतं ते भरून येत नाही. चार्जशीट वेळेत आली नाही तर जामीन हक्काने मिळतो, याला डिफॉल्ट बेल म्हणतात, बीएनएसएस, म्हणजे सीआरपीसीच्या जागी आलेला नवा कायदा, त्याचं कलम 187. मोठ्या गुन्ह्यांना, म्हणजे फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं नि वर, 90 दिवस, बाकीच्यांना 60. एनडीपीएसमध्ये, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात, कमर्शियल क्वांटिटी, म्हणजे मोठा साठा, असेल तर 180. दिवस अटकेपासून मोजायचे नाहीत, कोर्टाने पहिल्यांदा रिमांड दिली त्या दिवसापासून मोजायचे, आणि तो दिवसही धरायचा, हे 2023 मध्ये कपिल वाधवान केसमध्ये पक्कं झालं. म्हणजे 3 मार्चला रिमांड झाली तर 60 वा दिवस 1 मे, आणि चार्जशीट आलेली नसेल तर 2 मेला सकाळी कोर्ट उघडायला अर्ज तयार पाहिजे. घरचे काय करतात, 60 दिवस झाले म्हणजे आता आपोआप सोडतील म्हणून वाट बघतात. आपोआप कोणी सोडत नाही ओ. अर्ज द्यावा लागतो, आणि अर्ज द्यायच्या आधी चार्जशीट आली की हक्क गेला, मग ती 75 व्या दिवशी का आलेली असेना. उलट अर्ज आधी दिला आणि जामीन भरायची तयारी दाखवली, तर नंतर घाईघाईने चार्जशीट आणून तो हाणून पाडता येत नाही. आणि ज्या कलमात शिक्षा "दहा वर्षांपर्यंत" आहे ते डोळे झाकून 90 मध्ये टाकू नका, राकेश कुमार पॉलचा 2017 चा निकाल वकिलाला दाखवून विचारा.

दुसरी तारीख त्याच बीएनएसएसच्या कलम 479 ची. केस चालू असतानाच आतमध्ये एवढी वर्षं गेली की गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेचा निम्मा काळ भरला, तर जामीन, आणि आधी कधीच शिक्षा झालेली नसेल तर एक तृतीयांशच पुरे. घरातल्या चोरीची सात वर्षांची केस धरा, पहिल्यांदाच आत गेलेल्याला 2 वर्षं 4 महिने. सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट 2024 मध्ये सांगितलं की 1 जुलै 2024 च्या आधीच्या केसेसनाही हे लागू आहे, त्यामुळं "तुमची केस जुन्या कायद्यातली" हे उत्तर ऐकून परत फिरू नका. अडचण दोन ठिकाणी येते. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्याला हे नाही, आणि एकापेक्षा जास्त केसेस चालू असतील तरी नाही. त्यामुळं जुनी एखादी मारामारीची केस पेंडिंग पडलेली असेल, तर ती मिटते का ते आधी बघा. अर्ज करायची जबाबदारी कायद्याने सुपरिंटेंडेंटवर टाकलीय, पण तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण जेलमध्ये एवढी माणसं की तुमच्या माणसाचा दिवस कोणाच्या लक्षात राहणार.

आणि आता जामीनदार. जामीन मंजूर झाला म्हणून पेढे वाटून झाले तरी माणूस दोन-दोन महिने आतच, हे मी इतक्यांदा बघितलंय की ऑर्डर झाली म्हणून कोणी हसत बाहेर आलं की मला आधी उताऱ्याचीच काळजी लागते. ऑर्डरमध्ये लिहिलेलं असतं एक लाखाचा बॉन्ड, म्हणजे हमीपत्र, आणि तेवढ्याच रकमेचा जामीनदार, एक नाहीतर दोन. मग कोर्टात मागतात पहाणी, म्हणजे आपला उतारा, जामीनदाराच्या स्वतःच्या नावावरचा. आणि तोच कोणाकडं नसतो. एक उतारा समोर ठेवून सांगतो कसा असतो: वर आजोबांचं नाव, ते वारून कित्येक वर्षं झाली, खाली चार काका, दोन आत्या, त्यातल्या एकीचं माहेरचं नाव, कन्नडमध्ये टाईप करताना पाटीलचं भलतंच काहीतरी झालेलं, आणि आपल्या जामीनदाराचं नाव नवव्या ओळीत, त्याच्या वाटणीला येते नऊ गुंठे. क्लार्क म्हणतो हे सामायिक आहे, चालत नाही. वारसा नोंद करून घ्यायला तहसीलदार ऑफिसला गेलात तर पावसाळा उलटतो, म्हणून त्या नादाला आत्ता लागू नका, ते नंतर सवडीने करा. आत्ता दुसरा रस्ता धरा: ग्रामपंचायतीचा घराचा उतारा आणि घरपट्टीची पावती, नोकरीवाला असेल तर सॅलरी स्लिप, बँकेची एफडी. नाहीतर वकिलाकडून बॉन्डऐवजी रोख रक्कम भरायची परवानगी मागा, ती तरतूद कायद्यात आहे. रक्कमच झेपणारी नसेल तर ती कमी करायचा अर्ज करता येतो, बॉन्ड अवाच्या सवा नसावा हे कायद्यातच लिहिलंय.

सीमेवरची खास अडचण वेगळीच. माणूस चंदगडकडचा, उद्यमबागमध्ये कामाला, केस बेळगावात, भाऊ जामीन राहायला तयार, पण भावाचा सातबारा महाराष्ट्राचा. कोर्टाच्या ऑफिसात ऐकायला मिळतं, लोकल श्युरिटी, म्हणजे इथलाच जामीनदार आणा, कर्नाटकातला उतारा पाहिजे. शिनोळीहून बेळगाव किती लांब ते तुम्हाला माहितीय, पण त्या टेबलावर ते परराज्य. यावर मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश, 1978, हा निकाल वकिलाच्या हातात द्याच. मोतीराम हा गवंडी होता, मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीन मागितला आणि भाऊ जामीन राहतो म्हटल्यावर त्याची मिळकत दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ते धुडकावलं, एक हजाराच्या स्वतःच्या बॉन्डवर सोडायला सांगितलं, आणि कन्नड-तमिळ-तेलुगू माणूस लांबच्या मुलखात पकडला गेला तर त्याने तिथली जमीन असलेला जामीनदार आणायचा कुठून, हा प्रश्न निकालातच विचारलाय. आपल्या पोराचं अगदी तेच आहे की. पुढे 31 जानेवारी 2023 च्या आदेशातही सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की लोकल श्युरिटीच्या हट्टामुळं सुटका लांबते, अशा वेळी कोर्टांनी ती अट घालू नये. एवढं असून तोंडी नकार येतो, आणि तोंडी नकारावर वरच्या कोर्टात जाता येत नाही, म्हणून अर्ज लेखी द्यायचा, जज्जांसमोर, आणि नाकारलं तर लेखी ऑर्डर मागायची. सातबारा डिजिटल सहीचा काढा, साधी प्रिंट नको.

कोर्टाबाहेर भाड्याने जामीनदार मिळतात ते तुम्हाला कोणीतरी सुचवणारच. घेऊ नका. जामीनदाराला आपण आणखी किती जणांना जामीन आहोत ते जाहीर करावं लागतं, ही भाड्याची माणसं एकच उतारा दहा केसेसना लावतात, कधी तो उताराच खोटा असतो, आणि पकडलं की नवी केस तुमच्या अंगावर.

त्याच 2023 च्या आदेशात आणखी कामाचं आहे. जामिनाची ऑर्डर कोर्टाने त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी जेलला ईमेल करायची. सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेलने लीगल एडच्या सेक्रेटरींना कळवायचं, आणि महिन्याभरात बॉन्ड भरला गेला नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करता येते का ते बघू शकतं. कागदावर छान आहे. म्हणून आठव्या दिवशी तुम्हीच लीगल एडमध्ये जाऊन, ऑर्डरची झेरॉक्स लावून अर्ज द्या, "सात दिवस झाले, अजून आत आहे." पैशाअभावी अडलेल्यांसाठी केंद्राची 2023 ची योजनाही आहे, तिच्या मूळ सूचनांप्रमाणे कच्च्या कैद्याच्या जामिनाला 40 हजारांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडाला 25 हजारांपर्यंत, जिल्हा समिती मंजूर करते. एनडीपीएस, युएपीए (दहशतवादविरोधी कायदा), मनी लाँडरिंग, लाचखोरीवाल्यांना नाही.

शिक्षाच झाली असेल तर निकालाची प्रत फुकट मिळते, पैसे देऊ नका. अपील सेशन्स कोर्टात करायचं असेल तर 30 दिवस, हायकोर्टात 60, आणि आपलं हायकोर्ट म्हणजे धारवाडचं खंडपीठ, बेंगळुरूला पळायचं कारण नाही. वकील नसला तरी कैदी जेलमधूनच अपील देऊ शकतो, सुपरिंटेंडेंटने ते पुढे पाठवायचं असतं, धारवाडला हायकोर्टाची वेगळी लीगल एड समिती आहे, ती वकील देते. मुदत उलटली असेल तरी उशीर माफीचा अर्ज जोडून द्या, आत असलेल्या माणसाला कोर्टं सहसा त्यावरून परत पाठवत नाहीत.

शेवटचं, लीगल एडने दिलेल्या पॅनेलवरच्या वकिलाने झेरॉक्सला, टायपिंगला, "साहेबांना" म्हणून काही मागितलं तर द्यायचं नाही, कोर्ट फी आणि कागदांचा खर्चही फुकट मदतीतच येतो. लीगल एडच्या सेक्रेटरींकडे लेखी तक्रार करा, वकील बदलून मिळतो, आणि वकील बदलला म्हणून केस मागे पडत नाही, पुढची तारीख तीच राहते.